भाला, तळे आणि गुणांचा हिशेब

भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धा म्हटले की समुद्रच आठवतो. १९५९ साली झाक कुस्तो यांच्या अध्यक्षतेखाली पाण्याखालच्या क्रीडाप्रकारांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्या महासंघाच्या भालेमारीच्या अजिंक्यपद स्पर्धाही समुद्रातच भरत आल्या आहेत. गोड्या पाण्याच्या तळ्यांवरच्या स्पर्धा ही त्या मानाने आडवाटेची गोष्ट, आणि तिच्याबद्दल देशोदेशीचे मत टोकाचे आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने गोड्या पाण्यातल्या माशांवर भाला चालवायलाच बंदी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात नद्या-तळ्यांत भालेमारी चालत नाही. उलट अमेरिकेच्या काही राज्यांत अशा स्पर्धा राजरोस भरतात आणि बाहेरून आलेल्या उपद्रवी माशांपासून तळ्याची सुटका करणारे काम म्हणून त्यांचे कौतुकही होते. एका ठिकाणी गुन्हा, दुसऱ्या ठिकाणी समाजसेवा, असा हा पेच आहे. तो सोडवताना दोन्ही बाजू भाल्यावरच बोलत राहतात. माझ्या मते प्रश्न भाल्याचा नाहीच. स्पर्धेत गुण कशाला मिळतात आणि स्पर्धेनंतर पाण्यात काय उरले हे कोणी मोजते का, या दोन गोष्टींवर अशा स्पर्धेचे भलेबुरे ठरते.

मासेमारीच्या साधनांत भाला हे सर्वांत निवडक साधन आहे. जाळे वाटेत येईल ते गोळा करते. गळाला कोण लागणार हे बहुतांशी मासाच ठरवतो. भालेकऱ्याला मात्र एक मासा पाहावा लागतो, ओळखावा लागतो आणि मग मारायचा की जाऊ द्यायचा याचा निर्णय घ्यावा लागतो. बहुतेक स्पर्धांत पाठीवर हवेची टाकी चालत नाही. एका दमात खाली जायचे आणि दम संपण्याआधी वर यायचे. हातात रबराच्या पट्ट्यांनी ताणलेली बंदूक असते किंवा नुसता दांड्याचा भाला. तळ्याचे पाणी समुद्रासारखे नितळ क्वचितच असते. उन्हाळ्यात वरचा थर कोमट आणि काही मीटर खाली एकाएकी बोचरा गार, अशी त्याची घडण होते. अशा पाण्यात धूसर सावली दिसते आणि क्षणभरात ठरवावे लागते. गळाला लागलेला मासा नको असेल तर सोडून देता येतो, भाला बसलेला मासा सोडून उपयोग नसतो. म्हणजे या साधनाची सगळी भिस्त निवड करणाऱ्या माणसावर आहे, आणि स्पर्धेच्या दिवशी त्या माणसाची नजर गुणांच्या नियमांवर असते. नियमाने मोठ्या माशाला जास्त गुण दिले तर तो मोठाच मासा शोधणार. एकूण वजनाला गुण दिले तर जिथे मासे दाटीने आहेत तिथेच तो दिवसभर राहणार. गुणांचा तक्ता कागदावर असला तरी पाण्यातला शिकारी त्याच्याच सांगण्यावरून वागतो.

अमेरिकेतल्या तळ्यांवर अशा स्पर्धांचे नेहमीचे लक्ष्य म्हणजे कॉमन कार्प, आपल्याकडे मत्स्यशेतीत सायप्रिनस म्हणून ओळखला जाणारा मासा. तो तिथला नव्हे. १८७७ साली स्पेन्सर बेअर्ड यांच्या सरकारी मत्स्य आयोगाने तो जर्मनीहून आणवला. स्वस्त, चिवट आणि भराभर वाढणारा मासा शेतकऱ्यांच्या ताटात यावा, हा हेतू होता. मासा चिवट निघाला, पण लोकांना त्याची चव रुचली नाही आणि तळ्यांना त्याची सवय मानवली नाही. तो तळाचा चिखल तोंडाने उपसून अन्न शोधतो. त्यात पाणवनस्पतींची मुळे उखडतात, गाळ वर येतो, गाळातला फॉस्फरस पाण्यात मिसळतो, शेवाळ माजते आणि नितळ तळे गढूळ होते. एक मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. असा मासा मारण्यावर तिथे फारशी बंधने नसतात आणि मारल्याची हळहळही होत नाही. म्हणून तो स्पर्धांना सोयीचा झाला. पण सोयीची शिकार होणे आणि त्या शिकारीने तळे सुधारणे यांत बरेच अंतर आहे. ते अंतर मोजायचे तर छेदात काय आहे ते पाहावे लागते.

मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी कार्पबद्दल एक अत्यंत उपयोगी आकडा दिला आहे. हेक्टरी सुमारे १०० किलोच्या वर कार्प साठला की उथळ तळ्यातल्या पाणवनस्पती आणि पाणी यांची अवस्था वेगाने बिघडते. म्हणजे महत्त्व मारलेल्या वजनाला नाही, हेक्टरी उरलेल्या वजनाला आहे. समजा, एका स्पर्धेत दिवसभरात एक टन कार्प मारला गेला. फोटो भरगच्च येतील, काठावर ढीग दिसेल. हाच एक टन दहा हेक्टरांच्या तळ्यातून निघाला असेल तर हेक्टरी १०० किलो कमी झाले आणि तळ्याची दशा पालटू शकते. पण युटा लेकसारख्या सुमारे ३८,००० हेक्टरांच्या सरोवरातून तो निघाला असेल तर घट हेक्टरी जेमतेम २६ ग्रॅमची. त्या सरोवराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिथला जून सकर हा मासा जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. १९८६ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली तेव्हा मूळ सरोवरात त्याचे हजारभरही प्रौढ मासे उरले नव्हते. कार्प उपसण्याचे मोठे काम २००९ पासून सुरू झाले. व्यावसायिक मच्छीमारांनी मोठ्या जाळ्यांनी वर्षानुवर्षे मिळून १२,००० टनांहून अधिक कार्प काढला. जोडीला मत्स्यबीज सोडणे, नदीमुख पूर्ववत करणे, पाण्याचा विसर्ग सांभाळणे हे सगळे झाले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये जून सकरचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी सौम्य झाला. एवढ्या मोठ्या पाण्यात भाल्याच्या स्पर्धेने तळे वाचवल्याचा दावा करणे म्हणजे त्या मच्छीमारांच्या घामाचे श्रेय लाटणे होईल.

यावर कोणी म्हणेल की मग या स्पर्धा निरुपयोगीच. तसेही नाही, आणि याचा चांगला पुरावा समुद्रातून मिळतो. अटलांटिकच्या पश्चिम भागात परक्या लायनफिशने उच्छाद मांडला, तेव्हा फ्लोरिडा आणि बहामामध्ये २००९ पासून स्वयंसेवक पाणबुड्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की या एका दिवसाच्या स्पर्धांनी १९२ चौरस किलोमीटर क्षेत्रातली लायनफिशची घनता सरासरी ५२ टक्क्यांनी खाली आणली. हे साधले यामागे तीन कारणे मला दिसतात. एक, त्या स्पर्धा दरवर्षी त्याच भागात पुन्हा पुन्हा भरल्या. दोन, त्यांत सर्वाधिक आणि सर्वांत मोठ्या माशाबरोबर सर्वांत लहान माशालाही बक्षीस होते, त्यामुळे फटीत दडलेले छोटे मासेही कोणी दुर्लक्षित ठेवले नाहीत. तीन, संशोधकांनी स्पर्धेच्या आधी आणि नंतर पाण्यात उतरून गणना केली. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. गणना नसती तर ५२ टक्के हा आकडाच नसता, आणि आयोजकांकडे मेलेल्या माशांच्या टोपल्यांखेरीज सांगण्यासारखे काही उरले नसते. तळ्यांवरच्या स्पर्धांनी लायनफिशचे नाव घेऊन स्वतःचे समर्थन करण्याआधी ही तिन्ही पथ्ये पाळायला हवीत.

लहान माशांचा मुद्दा वरवरचा नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरातल्या लिटल मूस लेकमध्ये २००० सालापासून कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी परक्या स्मॉलमाउथ बास माशांचा विजेच्या साधनांनी सातत्याने उपसा केला. काही वर्षांनी मोजले तर बासची संख्या वाढलेली होती. मोठे मासे गेले, लहानांना अन्न आणि जागा मोकळी झाली, त्यांची जगण्याची टक्केवारी सुधारली, आणि तळे पिल्लांनी भरले. शेतातले तण मुळासकट न उपटता वरून छाटले की ते जास्तच फुटवे धरते, तसाच हा प्रकार. फक्त बड्या माशांना गुण देणारी स्पर्धा अजाणता हेच छाटणीचे काम करत असते. कार्पच्या बाबतीत तर पिल्ले बहुधा मुख्य तळ्याला लागलेल्या उथळ पाणथळीत वाढतात. हिवाळ्यात तिथे पाणी गोठून प्राणवायू संपतो, अंडी खाणारे ब्लूगिलसारखे मासे मरतात आणि वसंतात कार्पला मोकळे रान मिळते. ही वाट बंद केल्याशिवाय तळ्यातले प्रौढ कार्प मारत राहणे म्हणजे भोक न बुजवता पाणी उपसणे. टास्मानियात हे उमगले होते. तिथल्या लेक क्रेसेंट आणि लेक सोरेल या सरोवरांत १९९५ मध्ये कार्प सापडला, तेव्हा पहिले काम झाले ते बाहेर जाणाऱ्या वाटांवर अडसर घालण्याचे. मग काही नर कार्पना रेडिओ यंत्रे बसवून परत सोडले, ते कळपाकडे घेऊन गेले, आणि नेमक्या तिथे जाळी पडली. २००७ च्या सुमारास लेक क्रेसेंटमधला शेवटचा कार्प निघाला. बारा वर्षे लागली, पण काम पुरे झाले. स्पर्धेचा भाला अशा योजनेत एक हातचे साधन म्हणून बसू शकतो. योजनेची जागा त्याला घेता येत नाही.

दुसरा आक्षेप माशाची ओळख पटण्याबद्दलचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. अमेरिकेत कार्पच्या जोडीने ‘कमअस्सल’ म्हणून ज्यांची शिकार होते त्यांत बिगमाउथ बफेलो हा मूळचा तिथलाच मासा आहे. दुरून तो कार्पसारखाच दिसतो. जवळून पाहिले तर कार्पच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना मिशांच्या जोड्या असतात, बफेलोला एकही मिशी नसते. गढूळ पाण्यात, दम संपत आलेला असताना, ही मिशी पाहणे हेच काय ते संरक्षण. २०१९ मध्ये नॉर्थ डकोटातल्या संशोधकांनी या माशांच्या कानातल्या खड्यांचे काप काढून आतली वलये मोजली, तेव्हा एकाचे वय ११२ वर्षे निघाले. पुढे ॲरिझोनातल्या अपाची लेकमध्येही शंभरी ओलांडलेले बफेलो सापडले. हे कळण्याआधीच रात्री दिवे लावून धनुष्यबाणाने मासे मारण्याच्या स्पर्धा वाढत गेल्या होत्या. त्यांत नग आणि वजन यांना गुण होते, जातीचा विचार नव्हता. पहिल्या महायुद्धाआधी जन्मलेले मासे पोत्यांनी कचऱ्यात गेले. शंभर वर्षे जगणारा प्राणी दरवर्षी भरघोस पिल्ले वाढवत नाही, दशकांत एखादे वर्ष साधते. अशा जातीचा एक दिवसाचा संहार भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. या प्रकाराचा दोष भाल्यावर किंवा बाणावर ढकलून चालणार नाही. जातीची विचारपूस न करता वजनाला बक्षीस देणाऱ्या नियमाचा तो दोष आहे. देशी मासा मारल्यास चमू बाद, एवढा एक नियम असता तर प्रत्येकाने मिशी पाहायची सवय लावून घेतली असती.

भाला आणि दीर्घायुषी मासा एकत्र नांदू शकतात याचा पुरावा विस्कॉन्सिनमधल्या लेक विनेबेगोवर आहे. फेब्रुवारीत सरोवर गोठले की लोक बर्फावर खोपट्या मांडतात, आत अंधार करून बर्फाला चौकोनी भोक पाडतात, आमिषाचा लाकडी मासा खाली सोडतात आणि दात्यांचा जड भाला हाताशी ठेवून तासन्‌तास पाण्यात बघत बसतात. शिकार स्टर्जनची. या माशाची मादी वयात यायला वीसहून अधिक वर्षे घेते आणि त्यानंतरही दर काही वर्षांनीच अंडी घालते. २०१० मध्ये इथे सुमारे ९६ किलोचा, दोन मीटरहून लांब मासा मिळाला होता. ही औपचारिक स्पर्धा नव्हे, पण दरवर्षी १२,००० च्या आसपास परवाने घेणाऱ्यांची ती शर्यतच असते. तरीही स्टर्जनचा हा साठा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक राहिला आहे. कारण नियम माशाच्या जीवनक्रमाला धरून आहेत. भालेमारी दुपारी एकपर्यंतच. मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी नोंदणी केंद्रावर आणायचा, तिथे त्याची लांबी-वजन घेतात आणि नर की मादी, मादी असेल तर गाबोळी कोणत्या अवस्थेत आहे, हे तपासतात. अपरिपक्व माद्या, प्रौढ माद्या आणि नर यांच्या मर्यादा वेगवेगळ्या. एक मर्यादा गाठली की सोळा दिवसांचा हंगाम उरलेले दिवस न पाहता बंद. वर्षाला प्रौढ साठ्याच्या पाच टक्क्यांपलीकडे जायचे नाही, हे सूत्र. मिशिगनमधल्या ब्लॅक लेकवर तर एकूण सहा माशांचा कोटा असतो आणि तो तासाभरात संपल्याची वर्षे आहेत. परक्या माशाला संपवायचे असो की आपल्या माशाला राखायचे, नोंदवहीचे महत्त्व सारखेच.

विस्कॉन्सिनमध्येच भाल्यावरून दंगली झाल्या, हेही सांगायला हवे. १८३७ आणि १८४२ च्या करारांनी ओजिब्वे जमातींनी जमीन दिली, पण शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क राखून ठेवले होते. १९८३ मध्ये संघीय न्यायालयाने ते मान्य केले आणि वसंतात रात्री दिव्याच्या उजेडात वॉलाय मासे भाल्याने मारण्याची ओजिब्वेंची परंपरा राखीव क्षेत्राबाहेरच्या तळ्यांवर परतली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस होड्या उतरवण्याच्या धक्क्यांवर जमाव जमले, दगडफेक झाली, वंशद्वेषाच्या घोषणा झाल्या. म्हणणे एकच, की भाला तळी रिकामी करील. प्रत्यक्षात तळ्यागणिक कोटा होता, रात्रीगणिक परवाना होता, मोठ्या माशांवर बंधन होते आणि धक्क्यावर आलेला मासा मोजला जात होता. १९९१ च्या संघीय अहवालाने भालेमारीने वॉलायचे नुकसान झाले नसल्याचे स्पष्ट केले. गळाने मासे धरणारे त्याच्या कितीतरी पट मासे नेत होते, फक्त त्यांची मोजणी एवढी काटेकोर नव्हती. ओजिब्वेंची भालेमारी हा खेळ नाही, तो उदरनिर्वाहाचा आणि स्वत्वाचा हक्क आहे, आणि तिला स्पर्धांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. पण त्या वादातून एक धडा सर्वांनी घ्यावा. डोळ्यांना क्रूर दिसणारे साधन नुकसानकारकच असेल असे नाही, आणि सभ्य दिसणारे साधन निरुपद्रवीच असेल असेही नाही. ते ठरवायला गणनाच लागते.

उरतो तो नीतीचा आक्षेप. मारण्यात मौज मानावी का, असे विचारणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही. माशाला वेदना होतात हे मानूनच बोलायला हवे. नीट बसलेला भाला जाळ्यात गुदमरण्यापेक्षा लवकर संपवतो हे खरे, पण जखमी होऊन निसटणारेही असतात. म्हणून निसटलेल्या माशालाही दंडगुण असावेत, म्हणजे खात्रीशिवाय कोणी भाला सोडणार नाही. मांसाच्या नासाडीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. युटा लेकच्या कार्पमध्ये पीसीबी ही घातक रसायने आढळली आणि तो फारसा खाऊ नये असा इशारा द्यावा लागला, त्यामुळे बराच माल खतात आणि पशुखाद्यात गेला. खाणे शक्य नसेल तिथे निदान विल्हेवाटीची व्यवस्था आधी ठरलेली नसताना स्पर्धा भरवूच नये. माणसाच्या जिवाचाही विचार हवा. दम रोखण्याआधी जोरजोरात श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची हाक उशिरा येते, आणि वर येताना प्राणवायूचा दाब एकाएकी उतरून पोहणाऱ्याची शुद्ध हरपते, पृष्ठभागापासून हातभर अंतरावर. नगाला गुण देणारा नियम दमाच्या शेवटच्या क्षणालाही भाव देतो. एक खाली गेला की दुसरा वर थांबणार, आणि हे मोडले तर दोघांचे गुण शून्य, हा नियम ऐच्छिक राहता कामा नये.

शेवटची शंका सर्वांत खोल आहे. स्पर्धेला मासे लागतात. मग मासा संपावा असे आयोजकांना कधी वाटेल का? ज्या खेळाची भरभराट उपद्रवी माशाच्या भरभराटीवर उभी आहे, तो खेळ त्या माशाचा शत्रू राहील की आश्रयदाता? ही भीती काल्पनिक नाही, कारण खेळाच्या हौसेपोटी परके मासे तळ्यांत सोडल्याने अमेरिकेत बऱ्याच तळ्यांची वाट लागली आहे. याला उपाय एकच, स्पर्धेचे यश शिकारीच्या वजनावर मोजायचे थांबवणे. आपल्याकडे भाल्याच्या स्पर्धा नाहीत आणि त्या आणाव्यात असे मी म्हणत नाही. महाराष्ट्रातले जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांच्या पोटापाण्याचे आहेत, आणि गढूळ पाण्यात भाल्याचा उपयोगही नाही. पण १९५२ मध्ये भारतात आलेली चिलापी आज उजनीच्या बाजारातली रोजची मासळी आहे, आणि सायप्रिनसही आपल्या तलावांत रुळला आहे. किती टन निघाले एवढेच विचारण्याची सवय आपलीही आहे. त्या टनांत देशी किती, परके किती आणि पाण्यात उरले किती, हे विचारण्याची गरज इथेही तेवढीच आहे.

म्हणून तळ्यावर भाल्याची स्पर्धा भरवू इच्छिणाऱ्यांपुढे मी चार अटी ठेवीन. तळे एवढे लहान किंवा बंदिस्त असावे की काढलेला मासा हेक्टरी हिशेबात दिसेल. लक्ष्य एकच परकी जात असावी, लहान-मोठ्या सगळ्या माशांना गुण असावेत आणि देशी मासा मारणारा चमू बाद व्हावा. स्पर्धेआधी आणि नंतर त्रयस्थांनी गणना करून ती जाहीर करावी. आणि पुढच्या वर्षी मासे कमी मिळाले तर त्याला अपयश न म्हणता त्याबद्दलच सर्वांत मोठे बक्षीस द्यावे. या अटी पाळणारी स्पर्धा मला मान्य आहे, तिचे स्वागत करावे. न पाळणारी स्पर्धा हा निव्वळ शिकारीचा खेळ आहे. ज्यांना तो खेळायचा असेल त्यांनी कायद्यात बसेल तिथे खेळावा, पण तळे वाचवल्याचा दावा करू नये. तो दावा करण्याचा अधिकार फक्त मोजणाऱ्याला आहे.